साडेतीन टनांची सहल

काटेदादांच्या घरी पाहुणा आला की पहिला चहा वहिनी देतात आणि पहिला आकडा दादा. पाहुणा दारात चपला काढायला वाकलेला असतो, तेवढ्यात दादा एक नजर टाकतात आणि स्वतःशीच पुटपुटतात, "ब्याऐंशी." फार तर किलोभर इकडचा तिकडे. म्हणून गल्लीतल्या बायका वहिनींकडे कपडे शिवायला टाकायच्या त्या दादा कामावर गेल्यावरच, आणि दादा कोपऱ्यावर दिसले की भल्याभल्या पोट आत घेऊन चालायच्या.

त्यात दादांचा तरी काय दोष? अठ्ठावीस वर्षं वजनकाट्यावर काढलेला माणूस. शहराची गोदामं जिथे संपतात, तिथे रस्त्याला लागून जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी पाट आणि शेजारी चौघे उभे राहिले तर पाचव्याने श्वास कुठे घ्यायचा असा प्रश्न पडावा एवढी केबिन. वाळूचे, भंगाराचे, विटांचे ट्रक भरून येतात, पाटावर उभे राहतात. दादा आकडा लिहून घेतात. तोच ट्रक रिकामा होऊन परत येतो, दादा पुन्हा आकडा घेतात. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की उरतं ते खरं. दादांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच, आणि बोलणंही साधारण तेवढंच. एकदा भंगारवाल्याने फक्त दहा किलो जास्त लिहायला सांगितले, तर त्याच्याशी दहा वर्षांची दोस्ती तुटली. "काटा माझा नाही," दादा म्हणाले होते, "काट्याचा मी आहे." त्या दिवशी ते एवढं मोठं वाक्य बोलले म्हणून भंगारवाला रागवायचंच विसरला.

असा हा करारी माणूस. चार-चार पोरांचे बाप असलेले ट्रकवाले त्यांच्यापुढे हळू आवाजात बोलत. आणि हा माणूस पाण्याला घाबरायचा. साध्यासुध्या भीतीने नव्हे. नऊ वर्षांचे असताना दगडाच्या खाणीत साठलेल्या पाण्यात पाय घसरून पडले होते, तळाचा चिखल तोंडात जाईपर्यंत. एका गवंड्याने केसांना धरून बाहेर ओढलं. कपडे रस्त्यातच वाळवून पोरगं घरी गेलं आणि कुणाला काही बोललं नाही. पुढेही कधी बोललं नाही. मोठेपणी दादा बादलीने आंघोळ करायचे, शॉवरखाली कधी उभे राहिले नाहीत. बस पुलावरून जायला लागली की वर्तमानपत्र उघडायचे, मग ते उलटं का असेना. लग्नानंतर पहिल्याच वर्षी वहिनी म्हणाल्या, "कुठेतरी पाण्याकाठी जाऊ या ना चार दिवस." दादा म्हणाले, "काट्यावर सुट्टी नाही." तेच उत्तर सव्वीस वर्षं चाललं. वहिनींनी समजून घेतलं की नवरा कामाला चिकटलेला आहे. दादांनीही तसंच समजू दिलं. बायकोने हट्टी म्हटलेलं चालेल, चिकट म्हटलेलं चालेल, पण पाण्याला घाबरट? ते कसं सांगणार? तेही इतकी वर्षं दडवल्यावर?

या वर्षी मात्र घोळ झाला. काट्याचा बाहेरचा आकडे दाखवणारा बोर्ड बंद पडला होता, पाटाखालचे भागही झिजले होते. मालकाने आठवडाभर काटा बंद ठेवून सगळं बदलायचं ठरवलं. ही बातमी दादांनी घरी सांगितली नसतीच. पण मालकाची बायको वहिनींकडे परकर शिवायला यायची, आणि मापं घेताना फितीपेक्षा बातमीच लांब निघते. संध्याकाळी दादा घरी आले तर पुढ्यात चहा, चहाशेजारी वहिनी आणि वहिनींच्या चेहऱ्यावर सव्वीस वर्षांचं व्याज.

"आठवडाभर सुट्टी आहे म्हणे."

दादांनी चहात तोंड घातलं.

तेवढ्यात मामा आला. मामा म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ, पण अख्खी गल्ली त्याला मामाच म्हणायची. धंदा फ्रिजदुरुस्तीचा, देह दुहेरी दाराच्या फ्रिजचा, आणि हसला की कपाटातल्या वाट्या वाजायच्या. त्याने एका बेकरीची म्हातारी झालेली पावाची गाडी विकत घेतली होती आणि वर्षभर खपून तिच्या पोटात संसार थाटला होता. दोन बाजूंना घडीच्या खाटा, मध्ये शेगडी, मागे दीडशे लिटरची पाण्याची टाकी, खिडक्यांना वहिनींनी शिवलेले पडदे. तीन वेळा रंग दिला तरी आतला पावाचा वास काही गेला नाही. घरातला कुत्रा ढब्बू, वय अकरा, वजन चौतीस, त्या गाडीत एकदा चढला की उतरायलाच तयार नसायचा.

"जागा मिळाली!" मामा दारातूनच गरजला. "तलावाच्या पलीकडच्या काठावर. गाडी थेट पाण्याशेजारी लावायची, बाहेर तंबू ठोकायचा, पाय सोडले की पाण्यात! आणि भावोजी, गंमत माहितीय का? पलीकडे जायला तराफा आहे. आख्खी गाडी तराफ्यावर चढवायची, आपण आतच बसून राहायचं. दहा मिनिटं नुसतं पाणीच पाणी, चारी बाजूंनी!"

दादांनी बशी खाली ठेवली.

मामाने घरच्या ग्रुपवर तराफ्याचा फोटो टाकला. वहिनींनी त्यात मावळतीचं आभाळ पाहिलं. लेकीने, ती एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती, धक्क्यावरचं आइस्क्रीमचं दुकान पाहिलं. दादांनी फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि त्यांना कोपऱ्यात गंजलेली एक पाटी दिसली. साडेतीन हजार किलोपेक्षा जास्त वजनाचं वाहन तराफ्यावर चढवू नये.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. दादांना पाटीचा मिळाला, तोही बुडायच्या आधीच.

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन बसले. "प्रत्येकाने आपापलं वजन सांगा."

"कशाला?" वहिनींनी शिलाई मशीन थांबवलं.

"तराफ्याला मर्यादा आहे. गाडी, सामान, माणसं, सगळं मिळून साडेतीन टन. हिशोब नको करायला?"

"माझं अठ्ठावन्न."

दादांनी सहासष्ट लिहिलं. वहिनींनी ते उलटं वाचलं, आणि त्या दिवशी दादांना जेवणाचं ताट लेकीने वाढलं.

लेकीने चोपन्न सांगितलं, ते खरं होतं. मामाने फोनवरून चौऱ्याण्णव सांगितलं.

"एकशे दहा," दादा म्हणाले.

"भावोजी, मी डाएट करतोय!"

"ते धरून सांगितलं."

रिकामी गाडी मामाने काट्यावर आणली, ती भरली दोन हजार आठशे साठ. दादांचं स्वतःचं वजन सत्तर. बेरीज केली तर मर्यादेला अजून बरीच जागा उरत होती. मग मात्र चमत्कार सुरू झाला. ज्या माणसाने आयुष्यात प्रवासाला एक पिशवी आणि एक छत्री यापलीकडे काही नेलं नव्हतं, तो रोज संध्याकाळी सामान सुचवायला लागला.

"ते जाड बुडाचं पातेलं घ्या."

"एवढं मोठं कुणासाठी? चौघंच तर आहोत!" वहिनी म्हणाल्या.

"असू द्या. बटाटे घ्या पोतंभर. लोखंडी घडीचं टेबल घ्या. खुर्च्या त्या प्लॅस्टिकच्या नकोत, लाकडी घ्या. गाडीचा एक टायर जास्तीचा. नको, दोन."

"बाबा, आपण सहा दिवस जातोय की घर बदलतोय?" लेक म्हणाली.

"आणि टाकी पूर्ण भरायची," दादांनी वहीतून मान वर न करता सांगितलं. "दीडशे लिटर. पाण्याचं वजन फार."

"तलावाच्या काठावर पाणी घेऊन जायचं?"

"तलावाचं पाणी पिणार आहेस का?"

दादा एरवी हजरजबाबी नव्हते, पण जीव टांगणीला लागला की माणसाची वाचा खुलते.

गल्लीत बोलबाला झाला. काटेदादांना सहलीचं वेड लागलंय! जो माणूस कुणाच्या लग्नात अक्षता टाकून जेवायला थांबत नाही, तो रोज गाडीत डोकावून सामान हलवून पाहतोय. भंगारवाल्याने न राहवून जुनी दोस्ती पुन्हा सुरू केली आणि आपली लोखंडी शेगडी देऊ केली. दादांनी ती दोन्ही हातांनी घेतली, तिथल्या तिथे वजन केलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की भंगारवाल्याला उगीचच भरून आलं. वहिनी या सगळ्याकडे बघायच्या आणि मशीनवर वाकून गप्प व्हायच्या. काहीतरी बोलायला तोंड उघडायच्या आणि सुईत दोरा ओवायला लागायच्या. दादांना वाटलं, सहासष्टचा राग अजून उतरलेला नाही.

सहा आठवडे हे चाललं. दादांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. निघायच्या आदल्या दुपारी त्यांनी वहीत शेवटची बेरीज केली. तीन हजार सहाशे दहा. त्यांनी पेन खाली ठेवलं, टोपण लावलं आणि खूप दिवसांनी पोटभर जेवले. उद्या सकाळी जाताना गाडी काट्यावर घ्यायची, सगळ्यांच्या देखत आकडा सांगायचा, एकशे दहा किलो जास्त. मामा हळहळेल, लेक फुरंगटेल, वहिनी उसासा टाकतील, आणि मग सगळे कुठल्यातरी टेकडीवर जाऊन मुकाट्याने वडापाव-बिडापाव काय असेल ते खातील. कुणाची चूक नाही. पाटीची चूक.

शनिवारी सकाळी गाडी काट्याच्या पाटावर चढली. दुरुस्तीचे लोक सोमवारी येणार होते, मालकाची ना नव्हती. मामा स्टिअरिंगवर, शेजारी लेक, मागच्या खाटेवर वहिनी आणि वहिनींच्या पायावर ढब्बू. दादा सवयीने केबिनमध्ये शिरले, सवयीने खुर्ची ओढली आणि सवयीने आकडा स्थिर व्हायची वाट बघितली.

तीन हजार चारशे तीस.

त्यांनी डोळे चोळले. आकडा तसाच. त्यांचे सत्तर मिळवले की बरोबर तीन हजार पाचशे. मर्यादेत. एक किलो जास्त नाही.

एकशे दहा किलो गेले कुठे? खिडकीतून पाहिलं तर टेबल गाडीच्या टपावर दिसत होतं, टायर दोन्ही दिसत होते, मामाही होता तेवढाच होता.

"काय भावोजी?" मामाने खिडकीतून डोकं काढलं. "पास की नापास?"

बाहेरचा बोर्ड बंद. आकडा फक्त दादांना दिसत होता. तोंडाने नुसतं 'छत्तीसशे दहा' म्हणायचं होतं. वहीतही तेच लिहिलेलं होतं. कुणी पावती मागणार नव्हतं. कुठल्या व्यापाऱ्याचं नुकसान नव्हतं, कुणाची फसवणूक नव्हती, आणि असलीच तर घरच्या तीन माणसांची आणि एका कुत्र्याची. दादांनी तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली. त्यांनी टेबलावरचं पाणी प्यायलं, पुन्हा तोंड उघडलं.

अठ्ठावीस वर्षांत त्या खुर्चीवर बसून त्यांच्या तोंडातून आकडा एकाच प्रकारचा बाहेर पडला होता. दुसऱ्या प्रकारचा कसा काढतात, हे त्यांना येतच नव्हतं.

"पस्तीसशे," ते म्हणाले. "बसतंय."

मामाने असा हॉर्न वाजवला की बाजूला उभ्या रिकाम्या ट्रकवरची कबुतरं उडाली. दादा केबिनला कुलूप लावून गाडीत येऊन बसले, फाशीच्या कैद्याने आपली दोरी आपणच मोजून द्यावी तसे.

दीड तासाचा रस्ता. मामा मोठमोठ्याने गात होता. दादा खिडकीबाहेर बघत एकशे दहा किलो शोधत होते. वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या, ओठ पांढरे. मध्येच त्यांनी पर्समधून काहीतरी काढून तोंडात टाकलं. लेकीने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं सहलीला चाललाय की दवाखान्यात?"

ढब्बूने जांभई दिली.

मग रस्त्याला उतार लागला आणि समोर तलाव आला. केवढा होता तो! पलीकडचा काठ म्हणजे पेन्सिलने ओढलेली रेघ. धक्क्याला तराफा डुलत होता, लोखंडी फळी पाण्यावर कुरकुरत होती. तराफेवाला, उन्हाने रापलेला एक काटकुळा म्हातारा, अंदाजे पंचावन्न किलो, हात हलवत पुढे आला.

"या, या! सरळ चढवा!"

मामाने गाडी फळीच्या तोंडाशी आणली. पुढची चाकं फळीवर गेली तशी खालून डचमळ ऐकू आली. दादांनी दाराची मूठ धरली होती, ती त्यांना सोडता येईना. नवव्या वर्षीचा खाणीतला चिखल पुन्हा तोंडात आला.

"थांब," ते म्हणाले.

आवाज एवढासा होता. पण दादांचा आवाज असा कुणी ऐकला नव्हता, म्हणून मामाने ब्रेकच दाबला.

"काय झालं? वजन?"

"वजन नाही." दादांनी मूठ आणखी घट्ट धरली. "मला... पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून. मी नाही येऊ शकत यावर. तुम्ही जा. मी घरी जातो बसने."

दादांनी मान खाली घातली. सव्वीस वर्षांची लाज एका दमात बाहेर पडली होती, आणि आता मामा हसणार, कपाटातल्या वाट्या वाजणार, याची ते कानात बोळे घालून बसावं तशी वाट बघत होते.

हसल्या त्या वहिनी. आधी एक हुंदका आला, मग हसू, मग दोन्ही एकदम. ढब्बू घाबरून खाली उतरला.

"अहो, मग सांगितलं का नाही?" वहिनींनी पर्स उघडून त्यांच्या मांडीवर उपडी केली. आलेपाकाच्या, लिंबाच्या, औषधाच्या, नाना प्रकारच्या गोळ्या पडल्या. "मला बोट लागते! पाण्यावर डुलायला लागलं की पोटातलं वर येतं. लग्नाआधी एकदा बसले होते, दोन दिवस उठले नव्हते. सकाळपासून गोळ्या चघळतेय मी!"

"तू? पण तूच तर पाण्याकाठी पाण्याकाठी म्हणत होतीस!"

"काठी म्हणाले होते हो! पाण्यावर म्हटलं होतं का?"

"मग तराफ्याला नाही म्हणायचं होतं."

"कशी म्हणू? तुम्ही वही घेऊन बसलात! सव्वीस वर्षांत तुम्हाला एवढी हौस कशाची पाहिली नव्हती. तराफा, तराफा, किती किलो, किती टन! गल्लीत बायका मला म्हणायला लागल्या, दादांचा तराफ्यावर जीव जडलाय. मी म्हटलं, जाऊ दे, दहा मिनिटं डोळे मिटून काढू. त्यांचा विरस कशाला?" वहिनींनी पदराने डोळे पुसले. "आणि काल दुपारी तुमची वही पाहिली. छत्तीसशे दहा. तुम्ही जेवायला बसलात आणि मला वाटलं, दुःख गिळून जेवताय. मग संध्याकाळी टाकीची तोटी सोडली आणि एकशे दहा लिटर पाणी मोरीत सोडून दिलं. बादलीने मोजून!"

हरवलेले एकशे दहा किलो सापडले होते. आपण ज्या वजनावर सगळी भिस्त ठेवली, ते या बाईने आपल्यासाठीच, स्वतः भीतीने अर्धी झालेली असताना, बादलीने मोजून ओतलं होतं.

"मोजून?" त्यांनी विचारलं.

"अकरा बादल्या. दहा-दहा लिटरच्या. तुमच्या घरात राहून दुसरं काय शिकणार?"

एव्हाना तराफेवाला खिडकीशी येऊन कान देऊन उभा होता. दुसऱ्याच्या संसारातलं काही चाललं असेल तर कुणाला घाई नसते. "साहेब, वजनाची काळजी करताय होय? अहो, ती पाटी जुन्या तराफ्याची. हा नवा आहे, दहा टन नेतो. काल रोडरोलर नेला."

दादांना पाण्यापेक्षा याचा धक्का जास्त बसला. "मग पाटी बदलली का नाही?"

"पाटी कोण वाचतं, साहेब?"

"आणि यायचं नसेल तर धरणावरून रस्ता आहे की," म्हातारा पुढे म्हणाला. "चांगला डांबरी. बावीस किलोमीटर जास्त पडतात एवढंच. सगळे तिकडूनच जातात. तराफ्यावर कोण येतं? हौशी माणसं येतात."

सगळ्यांच्या माना वळल्या त्या मामाकडे. मामा स्टिअरिंगवरची नसलेली धूळ झटकत होता.

"तुला माहीत होतं?" वहिनींनी विचारलं.

"त्याच रात्री बुकिंगवाल्या बाईने फोनवर दोन्ही वाटा सांगितल्या होत्या," मामा म्हणाला. "पण ताई, तूसुद्धा तेव्हा शेजारीच होतीस! तुलाही ऐकू आलं होतं!"

"आलं होतं. मी म्हणणारच होते रस्त्याने जाऊ. तर हे वही घेऊन आले."

"आणि मला वाटलं भावोजींना तराफाच हवाय!"

दादांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. चार माणसं, सहा आठवडे, एक वही, पोतंभर बटाटे, आणि सगळ्यांना खाऊन टाकणारा प्रश्न दोन शब्द बोलून सुटणारा होता. भरलेल्यातून रिकामं वजा केलं तर खाली उरत होता तो निव्वळ मूर्खपणा, तोही समसमान वाटलेला. त्यांच्या खांद्यांनी पहिल्यांदा हालचाल केली. मग पोटाने. आणि काटेदादा हसायला लागले. तोंडावर हात न ठेवता, आवाज करून, खोकला लागेपर्यंत. लेक नंतर सगळ्यांना सांगायची की बाबांचे मागचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"उतर," लेक मामाला म्हणाली. "मी चालवते. आम्ही रस्त्याने जातो. तुला तराफा हवा होता ना? जा तू. मजा कर."

"एकटा?"

"ढब्बूला घेऊन जा."

पण ढब्बूने पाण्याकडे एकदा पाहिलं, पावाच्या वासाकडे एकदा पाहिलं आणि शेगडीखाली जाऊन बसला. घरातल्या सगळ्यांत शहाणा तोच निघाला. मामा एकटाच तराफ्यावर चढला, एकशे दहा किलोंची शान सांभाळत, हात हलवत. तराफा निघाला. काठावर वहिनी हात हलवत होत्या आणि त्यांचा रंग हळूहळू परत येत होता.

धरणाचा रस्ता काय सुरेख होता! डावीकडे पाणी, पण मध्ये छातीएवढी दगडी भिंत. दादांनी एकदा खिडकीची काच अर्धी खाली केली, थोडी हवा घेतली. भिंतीपलीकडे चमकणाऱ्या पाण्याकडे डोळा तिरपा करून पाहिलं आणि भिंतीच्या जाडीचा अंदाज घेतला. पुरेशी होती. वहिनींनी गोळ्या गोळा करून पिशवीत भरल्या आणि एक लिंबाची दादांना दिली.

"खाणीत पडलो होतो," दादा म्हणाले. मग गवंडी, केस, चिखल, वाळवलेले कपडे, सगळं आलं. बोलायला सुरुवात केली ती थांबेनाच. लेक आरशात बघत गाडी हळू चालवत होती, कारण बाबा एवढं बोलताहेत तर रस्ता लवकर संपायला नको.

"आणि मी काय काय म्हणत होते तुम्हाला!" वहिनी म्हणाल्या. "कामाला चिकटलेला, चिकट, माणूसघाणा..."

"माणूसघाणा कधी म्हणालीस?"

"तुमच्यासमोर नाही."

पलीकडच्या काठावर पोचायला तासाभराच्या वर लागलं. मामा तिथे एका दगडावर बसला होता, उन्हाने लाल, भुकेने पिवळा. खायचं सगळं गाडीत होतं, पाणीसुद्धा गाडीत, आणि पाकीटही गाडीच्याच खणात. दहा मिनिटांची मजा आणि पुढे तासभर एका बदकाशी ओळख.

"कशी झाली सफर?" दादांनी विचारलं.

"भावोजी," मामा म्हणाला, "जाड बुडाचं पातेलं काढा. पोतंभर बटाटे उकडा."

जागा खरोखर पाण्याला लागून होती. गाडी कुठे लावायची यावर मामाने काठाकडे बोट दाखवलं, तर वहिनींनी मागच्या झाडाकडे. दादा पुढे झाले, पाण्याच्या कडेपासून पावलं मोजत मागे आले, चाळिसाव्या पावलाला थांबले आणि जोडा आपटून म्हणाले, "इथे." कुणी हुज्जत घातली नाही. आकडा दादांचा होता आणि या वेळी त्याचं कारणही सगळ्यांना माहीत होतं.

लाकडी खुर्च्या बाहेर आल्या. त्या इतक्या जड होत्या की वाऱ्याने तसूभर हलल्या नाहीत, तेव्हा लेक म्हणाली, बाबांचं एक तरी सामान कामाला आलं. दादा खुर्चीत बसले. समोर चाळीस पावलांवर पाणी होतं. ते आपल्या जागी, दादा आपल्या जागी. असंही असू शकतं, हे त्यांच्या आधी कधी लक्षातच आलं नव्हतं. पाण्याकाठी जाणं म्हणजे पाण्यात जाणं, असं त्यांनी उगीच सव्वीस वर्षं धरून ठेवलं होतं.

"उद्या पाय बुडवून बघणार का?" वहिनींनी विचारलं.

"उद्याचं उद्या."

"नाही म्हणालात तरी चालेल हो."

"हो, आता ते कळलं," दादा म्हणाले.

मामा तंबूच्या काठ्यांशी झटापट करत होता. "भावोजी, ही काठी किती फुटांची? अंदाज सांगा! भावोजी? जरा धरायला या की!"

भर दुपारी, ताठ लाकडी खुर्चीत, मान एका बाजूला टाकून, सहा आठवड्यांची झोप एकदम वसूल करायला भावोजी निघून गेले होते. घोरण्याचा आवाज असा की काठावरच्या बदकाने जागा बदलली.

"उठव ना त्यांना, ताई! तंबू एकट्याने उभा राहणार आहे का?"

"हात लावून बघ," वहिनी म्हणाल्या, आणि आपली खुर्ची नवऱ्याच्या खुर्चीला लावून, पाय लांब करून, त्याही डोळे मिटून बसल्या.